विंडोज सोडताना मराठीचे काय?

२०२५ च्या दिवाळीत वसुबारस तीन दिवसांवर आली असताना, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. त्या दिवशी कोणाचा लॅपटॉप बंद पडला नाही. बिले निघत राहिली, मुलांचे प्रोजेक्ट टाइप होत राहिले. थांबले ते सुरक्षेचे मोफत अपडेट. पण पडद्यावर सूचना झळकू लागल्या आणि घराघरांत, दुकानांत, पतसंस्थांच्या कार्यालयांत एकच प्रश्न निघाला : आता नवा लॅपटॉप घ्यायचा का?

प्रश्न रास्त आहे, कारण विंडोज ११ जुन्या लॅपटॉपवर रीतसर चढत नाही. ५ ऑक्टोबर २०२१ ला ही आवृत्ती आली तेव्हाच कंपनीने अट घातली की यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, मुलगी बारावी झाली म्हणून घेतलेला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह लॅपटॉप या अटीत बसत नाही. आठ जीबी रॅम आहे, पडदा स्वच्छ आहे, बिजागऱ्या शाबूत आहेत. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर तो आणखी काही वर्षे सहज चालेल. कंपनीच्या लेखी मात्र त्याचे दिवस भरले.

मुदत वाढवून घ्यायची सोय आहे. तीस डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवला तर फुकट, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळत राहतात. ज्यांना ही सोय माहीत आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. पण ती एका वर्षाची उसंत आहे, त्याहून जास्त काही नाही.

इथे एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. आपल्याकडे कितीतरी लॅपटॉप ‘डॉस’वाले म्हणून, म्हणजे विंडोजशिवाय, विकले गेले आणि घरी पोचण्याआधीच त्यांवर क्रॅक केलेले विंडोज चढले. ग्राहकाला ते फुकट मिळाल्यासारखे वाटते. पण लायसन्सची तपासणी चुकवणारे ते छोटेसे ॲक्टिव्हेटर कोणी लिहिले आणि त्यात आणखी काय भरले, हे लॅपटॉप देणाऱ्यालाही माहीत नसते, घेणाऱ्यालाही नसते. त्याच लॅपटॉपवर मग बँकेचे व्यवहार होतात, आधार कार्डाच्या प्रती साठतात, शेजाऱ्याच्या सातबाऱ्याचे स्कॅन पडून राहतात. विंडोज १० चा सपोर्ट संपल्याने ज्यांनी कधी विचार केला नव्हता त्यांच्यावर निदान विचार करायची वेळ आली, हे चांगलेच झाले.

तिसरी वाट लिनक्सची. लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही प्रणाली फुकट उतरवून घेता येते. तिला लायसन्स लागत नाही, आणि दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावरही ती बऱ्यापैकी पळते. मिंटची २२ वी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. चार जीबी रॅम तिला पुरते. हे सगळे ऐकल्यावर आपल्याकडचा नेहमीचा प्रतिसाद असा : ते इंजिनिअरिंगच्या पोरांचे काम, आपल्याला कुठे जमणार?

या समजुतीला उत्तर आमच्या कोल्हापुरातच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि नागरिकांनी त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला होता, त्यामुळे त्या दिवसाचे कौतुक व्हायलाच हवे होते. पण याच न्यायव्यवस्थेत आणखी एक बदल बराच आधी, गाजावाजा न होता झाला आहे. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबुंटू लिनक्स स्वीकारले. न्यायाधीशांना लॅपटॉप दिले ते उबुंटूवर, आणि त्याचे रीतसर प्रशिक्षणही दिले. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी ‘सीआयएस’ ही प्रणाली केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेच्या पुण्यातल्या चमूने मुक्त सॉफ्टवेअरवर बांधली. पक्षकाराच्या मोबाइलवर पुढची तारीख दिसते ती याच व्यवस्थेतून. त्यासाठी न्यायाधीशांना कोणी इंजिनिअर केले नाही. त्यांना शिकवले, सराव करू दिला, अडले तर विचारायला माणूस दिला.

केरळचे उदाहरण याहून जुने आहे. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांनी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअरची कास धरली. आज त्याच प्रकल्पाचे रूप असलेली ‘काइट’ ही संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांना पुरवते. दोन लाखांहून अधिक संगणकांवर ती वापरली जाते आणि लायसन्सचे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचले, असा ‘काइट’चा दावा आहे. त्याच्या बरोबरीने तिथे आणखी एक काम झाले, ते जास्त मोलाचे. ‘स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग’ या स्वयंसेवकांच्या गटाने ‘रचना’, ‘मीरा’ यांसारखे मल्याळमचे युनिकोड फॉन्ट सांभाळले, सुधारले आणि सर्वांना मोकळे करून दिले. मुलांनी जे टाइप केले ते कोणत्याही यंत्रावर मल्याळमच राहिले.

कोल्हापूरचे घोडे अडते ते नेमके इथे. लॅपटॉपवर लिनक्स चढवणे हे एका दुपारचे काम आहे. त्या लॅपटॉपमधली वीस वर्षांची मराठी नव्या प्रणालीवर उघडणे हे नाही.

कोल्हापूर हा सहकाराचा जिल्हा. साखर कारखाने, दूध संघ, गावोगावच्या दूध संस्था, विकास सोसायट्या, पतसंस्था, बँका. सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेआधी सभासदांच्या हातात अहवाल हवा. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की शहरातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या डीटीपी सेंटरवर रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. काम बहुधा असे चालते : मागच्या वर्षीची पेजमेकरमधली फाइल उघडायची, नव्या नावाने सेव्ह करायची, चेअरमनचा फोटो बदलला असेल तर बदलायचा, ताळेबंदातले आकडे बदलायचे, श्रद्धांजलीच्या चौकटीत नवी नावे घालायची, आणि प्रूफ काढून सचिवांना दाखवायचे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. त्यानंतर अडोबीने ते पुढे नेले नाही. तरी ते चालते आहे, कारण ते ज्या मराठी फॉन्टना धरून आहे ते फॉन्टही त्याच काळातले आहेत.

हे फॉन्ट कसे चालतात हे समजून घेतले तर सगळी अडचण उलगडते. १९९० च्या दशकात विंडोजला देवनागरी येत नव्हती. पुण्यात सीडॅकने आणि मॉड्युलर इन्फोटेकसारख्या कंपन्यांनी त्यावर तोड काढली. संगणकाला वाटते की आपण इंग्रजी अक्षर साठवतो आहोत, पण फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा किंवा त्याच्या तुकड्याचा आकार बसवलेला असतो. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, प्रत्येकाची मांडणी वेगळी. त्या काळाचा विचार केला तर हे फार मोठे काम होते. त्याच्याशिवाय महाराष्ट्रातली छपाई खिळ्यांतून संगणकावर इतक्या झपाट्याने आलीच नसती. ज्यांनी ते केले त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

पण फाइलमध्ये साठले ते मराठी नव्हे. ‘विनंती अर्ज’ हे दोनच शब्द घ्या. डोळ्याला दिसते त्या क्रमाने जुन्या फॉन्टमध्ये आधी पहिली वेलांटी साठते, मग ‘व’. ‘अर्ज’मध्ये आधी ‘ज’ साठतो आणि त्याच्या डोक्यावरचा रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो : आधी ‘व’, मग वेलांटी, आधी ‘र’, मग हलन्त, मग ‘ज’. शिवाय युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे एकच आहे. जुन्या फॉन्टची फाइल ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तिथे उघडली की ‘विनंती अर्ज’च्या जागी इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि विचित्र खुणांचा चिवडा दिसतो. काही सॉफ्टवेअरना तर यूएसबीला लावायचे डोंगल लागते. ते हरवले, तुटले किंवा त्याचा ड्रायव्हर नव्या प्रणालीवर चालला नाही की दार बंद. मग दुकानदार म्हणतो, ‘हा जुना पीसी हलवायचा नाही, याच्यावर सगळे आहे.’ कोपऱ्यातल्या एका एक्सपीवाल्या संगणकावर अख्ख्या संस्थेचा इतिहास अडकलेला असतो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला आहे.

लिनक्सकडे याचे अर्धे उत्तर आहे, आणि ते फारसे कोणाला माहीत नाही. लिब्रे ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडते. कोरल ड्रॉच्या फाइली ते त्याआधीपासून उघडते. मांडणी बऱ्यापैकी शाबूत येते, फोटो येतात, चौकटी येतात. पण अक्षरे तीच जुनी, फसवी. ती युनिकोडमध्ये बदलावीच लागतात.

बदलणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात आणि त्यांतले काही चांगले आहेत. तरी डोळे मिटून त्यांच्यावर विसंबता येत नाही. सहकारी संस्थेच्या अहवालात सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या शब्दांपैकी एक म्हणजे ‘शेतकऱ्यांना’. त्यातला अर्धा, आडवा ‘र’ ही मराठीची खास गरज आहे, हिंदीला तिची पर्वा नाही. हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेला कन्व्हर्टर ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ करून टाकतो. बत्तीस पानांत तो शब्द किती वेळा येतो हे संस्थेच्या सचिवाला विचारावे. त्यात भर म्हणजे युनिकोडमध्ये हा आडवा ‘र’ दोन पद्धतींनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या दृष्टीने वेगळे, त्यामुळे एक शोधला तर दुसरा सापडत नाही. म्हणून कन्व्हर्ट केलेल्या मजकुराचे प्रूफ मराठी येणाऱ्या माणसानेच वाचले पाहिजे. त्या वाचनाचे पैसे संस्थेने दिले पाहिजेत. डीटीपी करणाऱ्या मुलामुलींना हे काम ‘जाता जाता करून टाका’ म्हणून सांगणे हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. छापील अहवाल तर नीट निघतो. निघतो, पण तेवढाच. त्याची पीडीएफ संकेतस्थळावर टाकली आणि कोणी त्यात संस्थेचे नाव शोधले तर सापडत नाही, कारण आत मराठी नाहीच. त्यातला परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा चिवडा. अंध सभासद पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो तेव्हा त्याला नफा-तोटा ऐकू येत नाही, निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू येतात. ईस्पीक एनजी या मोफत आवाजाला मराठी वाचता येते, पण मजकूर मराठी असेल तर. ज्याने भागभांडवलात पैसे घातले त्याला त्याच्याच संस्थेचा अहवाल वाचता येऊ नये, ही साधी गोष्ट नाही. मराठीतले कितीतरी प्रबंधही याच अवस्थेत पीडीएफ होऊन पडले आहेत. शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला ते असून नसल्यासारखे.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या बाजारपेठांत शिरले. तळमजल्यावरच्या दुकानांतली यंत्रे आणि कागद एकत्रच भिजले. ज्यांचा मजकूर एकाच यंत्राला, एकाच फॉन्टला, एकाच डोंगलला बांधलेला असतो त्यांना अशा वेळी बॅकअपची हार्ड डिस्क हाताशी असली तरी ती उघडायला तसेच दुसरे जुने यंत्र शोधत फिरावे लागते.

आता नव्या प्रणालीवर मराठी लिहायची कशी, हा प्रश्न. इथे चित्र लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच चांगले आहे. भारत सरकारने १९८० च्या दशकात ठरवलेली इनस्क्रिप्ट मांडणी विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर जशीच्या तशी मिळते. एकदा बोटे बसली की यंत्र कोणतेही असो. ज्यांना उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळांनी लिहायचे आहे त्यांच्यासाठी आयबस या लिनक्सवरच्या सोयीत फोनेटिक मांडणी आहे, आणि मराठी माणसांनी घडवलेली ‘गमभन’ची मांडणीही आहे. खरी पंचाईत होते ती टाइपरायटरच्या धर्तीवर, रेमिंग्टनवर शिकलेल्यांची. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा देऊन ज्यांनी नोकऱ्या मिळवल्या त्यांची बोटे जुन्या क्रमाने चालतात : आधी वेलांटी, मग अक्षर. रेमिंग्टन मांडणी युनिकोडसाठीही मिळते, पण जोडाक्षरांच्या जागा थोड्या इकडेतिकडे असतात आणि पहिले काही आठवडे वेग पडतो. या माणसांना हिणवून बदल होणार नाही. साहेबांनी त्यांना तेवढे आठवडे द्यावेत, त्या काळात कामाचा ढीग थोडा वाढला तर वाढू द्यावा.

फॉन्टचेही तसेच. सरकारी पत्रव्यवहारात सवयीचा झालेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांच्या हातचा, आणि तो विंडोजबरोबर येतो. लिनक्सवर तो नसतो. तिथे तीच फाइल उघडली की त्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळी लांब-आखूड होतात आणि एका पानाचे पत्र दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडते. मजकूर मात्र जसाच्या तसा मराठीत वाचता येतो, आणि फॉन्ट बदलून ओळी पुन्हा जुळवता येतात. युनिकोड आणि जुना फॉन्ट यांच्यातला फरक इथे डोळ्यांनी दिसतो. रेड हॅटचा ‘लोहित’, गूगलचा ‘नोटो’, मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ हे फॉन्ट सर्वांना मोकळे आहेत, आणि ते विंडोजवरही चालतात. कार्यालयाने यांतला एक ठरवून सगळीकडे वापरला तर प्रत्येक टेबलावर पान सारखेच दिसेल. यांतल्या काहींना मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले की ते मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. ते पाहिले की बरे वाटते.

सगळ्यांनी विंडोज सोडावे, असे मात्र कोणी प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनते. गुजरीतल्या सराफाचे किंवा मार्केट यार्डातल्या अडत्याचे हिशेब त्यावर असतील तर त्याने ते यंत्र विंडोजवरच ठेवावे, आणि अपडेट मिळणाऱ्या विंडोजवर ठेवावे. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सॉलिडवर्क्स आणि मास्टरकॅमवर डिझाइन आणि सीएनसीचे प्रोग्रॅम होतात. तीही विंडोजचीच सॉफ्टवेअर आहेत. सेवा केंद्रांत अंगठा घेणारी यंत्रे लागतात. त्यांची आधारशी जोडणारी सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळतात. प्रिंटरचाही विचार आधी करायला हवा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात, पण आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० चा ड्रायव्हर बसवणे किचकट काम आहे. हे न बघता प्रणाली बदलणारा माणूस दोन दिवसांत परत फिरतो आणि पुढची दहा वर्षे लिनक्सला नावे ठेवतो.

परत फिरण्याचे मोठे उदाहरण जर्मनीत आहे. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव केला. त्यात राजकारण होते, तसेच इतर कार्यालयांशी होणाऱ्या फाइलींच्या देवाणघेवाणीची रोजची कटकटही होती. एकट्या गावाने बदल केला आणि बाकीचे जिथल्या तिथे राहिले की असे होते. आता त्याच जर्मनीतले श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य तीस हजार संगणकांवर लिब्रे ऑफिस आणते आहे, तेव्हा त्यांनी सुरुवात प्रणालीपासून न करता फाइलींपासून केली आहे. कोल्हापुरानेही तेच करावे.

घरच्या लॅपटॉपपुरते बोलायचे तर भीती बाळगायचे काहीच कारण नाही. ज्या घरात लॅपटॉपचे काम म्हणजे ब्राउझर, ईमेल, महाडीबीटीचे अर्ज, जीएसटीचे पोर्टल, यूट्यूब आणि थोडे टायपिंग, तिथे लिनक्स मिंट पुरून उरते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा, मिंटची फाइल उतरवून त्यावर चढवावी आणि लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. आतल्या डिस्कला हात न लावता सगळी प्रणाली चालून दिसते. वायफाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंट निघते का, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘दुसऱ्या’ नीट टाइप होतात का, हे तिथल्या तिथे बघावे. नाही पटले तर पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा, विंडोज जागेवरच असते. पटले तर आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावीत आणि मगच चढवावे. शिकायला मराठीतून साहित्य आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे आणि लिब्रे ऑफिसचे धडे मराठी आवाजात मोफत मिळतात. मिंटचे मेनूही मराठीत करता येतात. भाषांतर काही ठिकाणी अपुरे आहे, आणि ज्यांना वाटते त्यांनी ते पुरे करायला हातभार लावावा, ते काम कोणालाही खुले आहे.

संस्थांवर मात्र जबाबदारी मोठी आहे. महाराष्ट्रात २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीने खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलांना माउस धरायला शिकवले. त्या अभ्यासक्रमाने विंडोजबरोबर दुसरी एखादी प्रणालीही दाखवली आणि युनिकोड मराठीवर चार तास जास्त दिले, तर पुढच्या पिढीतला लिपिक कोणत्याही यंत्रावर बसून काम करील. शिवाजी विद्यापीठाने मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारायचा आग्रह धरावा. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासून चाललेल्या ग्रंथालयांकडे स्मरणिका आणि अहवालांच्या संगणकावरच्या प्रती येतील तेव्हा त्या पन्नास वर्षांनीही उघडतील अशा रूपात याव्यात. जिल्हा बँक, दूध संघ, कारखाने या मोठ्या संस्थांनी आपल्या छपाईच्या निविदेत एक ओळ घातली की अहवालाचा मजकूर युनिकोडमध्ये हवा, तर एका हंगामात जिल्ह्यातली डीटीपी सेंटरे बदलतील, कारण काम त्यांच्याकडूनच येते.

सभासदांनाही यात करण्यासारखे आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत ताळेबंदावर आणि लाभांशावर बोलून झाले की कोणीतरी उठून विचारावे की संस्थेचे आजवरचे अहवाल कोणत्या फॉन्टमध्ये आहेत, मूळ फाइली कोणाकडे आहेत, आणि तो पीसी बंद पडला तर त्या कुठे उघडतील. बहुतेक ठिकाणी फाइली डीटीपीवाल्याच्या संगणकावर असतात आणि संस्थेकडे फक्त छापील प्रत असते. त्या फाइलींचे पैसे संस्थेने भरलेले आहेत. ऑगस्टचे काम देतानाच छापील प्रती आणि पीडीएफबरोबर युनिकोडमधली मूळ फाइलही हवी, असे दरपत्रकात लिहून घ्यावे, आणि जुन्या वर्षांच्या फाइली थोड्या थोड्या करून बदलून घ्यायला अंदाजपत्रकात तरतूद करावी. सुरुवात सर्वांत जुन्या वर्षापासून करावी, कारण त्या वर्षीचा फॉन्ट ओळखणारी माणसे आता निवृत्तीला आली आहेत.